तीनचं शेपूट

माझा नवरा कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करतो. नवी बादली आणली, उलटी. बशी आणली, उलटी. पहिल्यांदा आमच्या घरी आला होता तेव्हा चहा संपवून त्याने कपही उलटा करून बघितला. आई आत येऊन मला म्हणाली होती, "मुलगा बरा वाटतोय गं, पण कपाच्या बुडाशी काय शोधतोय?"

तो नळांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर नळ हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, कुठे ओरखडा दिसला, मुलामा उडालेला दिसला की लाल खडूने फुली मारायची. याचा त्याला पगार मिळतो. संध्याकाळी घरी येऊन तो हेच काम फुकट करतो, फक्त नळांच्या जागी गाड्या असतात.

गाड्या म्हणजे खेळण्यातल्या. पण असं त्याच्यासमोर म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. डायकास्ट म्हणायचं. साच्यात धातू ओतून केलेली, खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी नक्कल, तळहातावर मावेल एवढी. एकच गाडी वेगवेगळ्या कंपन्या करतात, आणि त्यात कोणाची चांगली नि कोणाची टाकाऊ हा या लोकांचा जन्माचा वाद. वजन किती भरतं, दाराच्या फटी सारख्या आहेत का, रंग पातळ बसलाय की थापलाय, चाकं रबरी आहेत का, आणि बूड धातूचं आहे की प्लास्टिकचं. हौसेने मागवलेल्या गाडीचं बूड प्लास्टिकचं निघालं की त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

त्याच्या खिशात कायम एक भिंग असतं, म्हणून त्याच्या गाड्यांच्या मंडळातले लोक त्यालाच भिंग म्हणतात. मीही म्हणते, चिडलेली असले की.

आमच्या बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीला आतून दिवा लावलाय, आणि तिथे फक्त सातच्या वर मार्क मिळालेल्या गाड्या उभ्या राहतात. बाकीच्या खालच्या फळीवर. आमच्या लग्नाचा फोटोही खालच्याच फळीवर आहे. त्याला किती मार्क मिळाले ते मी कधी विचारलं नाही. आणि कपाटाच्या खाली एक पत्र्याचा डबा आहे, त्याला आम्ही भंगार म्हणतो. रंग उडालेल्या, आस वाकलेल्या, दार निखळलेल्या गाड्या त्यात एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असतात.

आई गेल्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. त्यांनी जन्मभर बसच्या कार्यशाळेत रेघा ओढल्या. बसच्या अंगाला रंग दुसरे लोक मारायचे, फवाऱ्याने. पण खिडक्यांच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते ती बारीक रेघ अप्पा हाताने ओढायचे, लांब केसांचा ब्रश धरून, बसच्या कडेने चालत चालत. कार्यशाळेत त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे रेघवाले म्हणायचे.

मला अक्षरं त्यांनीच शिकवली. पाटीवर, ब्रश पाण्यात बुडवून. "रेघ संपवायची नसते," ते म्हणायचे, "उडवायची असते." शेवटाला मनगट जरासं झटकलं की रेघेला बारीक शेपूट फुटायचं. त्यांच्या प्रत्येक बसच्या मागच्या दिव्यापाशी ते शेपूट असायचं. मी आता शाळेत पहिलीला शिकवते. फळ्यावरचं माझं अक्षर बघून नवे शिक्षक विचारतात, कुठे शिकलात. मी हसते आणि पुढचं लिहायला घेते.

अप्पांचा हात आता थरथरतो. डोळ्यांवर पडदा आलाय, आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते ऐकू न आल्यासारखं करतात. दिवसभर गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या बसच्या रेघांना नावं ठेवणं एवढाच त्यांचा उद्योग उरला होता. म्हणून एकदा माझ्या नवऱ्याने भंगारातून एक गाडी काढून त्यांच्या हातात ठेवली. बसकी, रुंद पाठीची शर्यतीची गाडी होती. निळा रंग जागोजाग उडालेला.

"अप्पा, ही घ्या. रंगवा सावकाश. तेवढाच हात चालू राहील."

अप्पांनी ती दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेली. "चांगली झाली तर कपाटात ठेवाल?"

"सातच्या वर मार्क मिळाले तर मधल्या फळीवर. दिव्याखाली."

"पण ओळख ठेवून मार्क द्यायचे नाहीत हं, जावईबापू."

"मी आणि ओळख?" नवरा म्हणाला. ते मात्र खरं. माझ्या हातच्या भाजीलाही तो ओळख ठेवून मार्क देत नाही.

त्यानंतर गॅलरीचं दार दुपारभर लोटलेलं असायचं. मी शाळेतून आले की घरात रंगाचा वास असायचा. मी विचारायची नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. ज्या हातातून चहाचा कप सुटतो त्या हाताने ओढलेली रेघ कशी असेल, हे मला न बघता कळत होतं. मग एका संध्याकाळी अप्पाच म्हणाले, "नाही जमत आता. टाकून दिली." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल हिरवं रंगवलं, आणलेला हिरवा रंग वाया जायला नको म्हणून. मला हायसं वाटलं. स्टुलाला कोणी मार्क देत नाही.

मंडळ भरतं ते बूटवाल्या काकांच्या दुकानावर, माळ्यावरच्या खोलीत. भिंतींना छतापर्यंत बुटांची खोकी, मधे एक लांब टेबल, वर पांढरा दिवा. बूटवाले काका स्वतः ट्रकचा नाद असलेले. दातांचे डॉक्टर म्हणून एक आहेत, ते दातांसारखंच गाडीचं दार हळूच उघडून आत बघतात. आणखी सात-आठ माणसं येतात. सगळे पुरुष, आणि मी. माझं तिथलं काम म्हणजे फळ्यावर मार्क लिहिणं. मी ते आवडीने करते, हे कबूल करायला हरकत नाही. नवरा बोलत असताना सगळे गप्प होऊन ऐकतात, हसतात, आणि मी त्याची बायको असते. कारखान्यात त्याचं कोणी ऐकत नाही, शाळेत माझं कोणी ऐकत नाही. तिथे ऐकतात.

त्यांची एक खास पद्धत आहे. कंपनीचं नाव गाडीच्या बुडावर असतं, आणि नाव दिसलं की माणूस मार्क नावाला देतो. म्हणून ज्याने त्याने आपली गाडी घरूनच बुडाला काळी चिकटपट्टी लावून आणायची आणि खाली दुकानात ठेवलेल्या बुटांच्या खोक्यात गुपचूप टाकायची. कोणाची कोणती ते कोणालाच कळत नाही. वर टेबलावर गाड्या ओळीने लागतात, क, ख, ग, घ, मग च, छ. ङच्या वाटेला कोणी जात नाही. भिंग एकेक गाडी तपासतो, बोलतो, मार्क सांगतो. शेवटी मी पट्ट्या सोलून बुडावरचं नाव वाचते आणि ज्याची गाडी असेल तो हात वर करतो. सगळ्यात जास्त हशा त्या वेळी असतो, कारण महागातली गाडी घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा सहावर अडकलेला असतो.

या रविवारी विषय होता तीच ती बसकी शर्यतीची गाडी, पट्टेवाली. अप्पा सकाळीच म्हणाले, "मीपण येतो." इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. नवऱ्याला बरं वाटलं. मला वाटलं, बसून बसून कंटाळले असतील. दुकानात शिरताना ते मागे रेंगाळले, चप्पल बघतो म्हणाले. मी वर जाऊन त्यांच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची ठेवली.

पहिल्या पाच गाड्या झाल्या. क-ला साडेसात, ख-ला सहा, अशी मी फळ्यावर मांडत गेले. नवरा त्या दिवशी रंगात होता. ग-ची दारं उघडेनात तेव्हा म्हणाला, "ही गाडी आत बसून बनवलेली दिसते, कारागीर अजून आतच आहे." डॉक्टर टेबलावर हात आपटून हसले. अप्पाही हसले.

मग त्याने छ उचलली.

लाल गाडी, अंगावर पिवळे पट्टे. त्याने ती उजेडात धरली, भिंग तिच्या पुढच्या भागावर नेलं आणि लगेच खाली आणलं. सगळे वाट बघू लागले, कारण भिंग लवकर खाली आलं की काहीतरी ऐकायला मिळणार हे त्यांना माहीत असतं.

"अंग कारखान्याचं आहे," तो म्हणाला. "चांगलं वजन, फटी सारख्या. पण रंग कोणीतरी घरी मारलाय. मारलाय म्हणजे खरंच मारलाय, गाडीला लागलं असेल." हशा. "हा पट्टा बघा. निघाला नीट, मधे कुठेतरी ओळखीचं कोणी भेटलं, गप्पा मारल्या, परत आला. आणि ही बाजूची रेघ? ही रस्त्याच्या खड्ड्यांसकट काढलीय."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. गाडी टेबलाभोवती फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी ती तळहातावर घेतली, थापलेला रंग बघितला, आणि सगळे माझ्याकडे बघतायत हे बघून म्हटलं, "माझ्या पहिलीतल्या पोरांना दिली असती तर रंग रेघेच्या आत तरी राहिला असता."

मला एवढा मोठा हशा त्या खोलीत कधी मिळाला नव्हता. नवऱ्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. खिडकीपाशी अप्पाही हसत होते, खांदे हलवत.

"लिही," नवरा म्हणाला. "तीन. आणि तेही चाकं फिरतात म्हणून."

मी फळ्याकडे वळले. छ काढला, पुढे रेघ, आणि मोठा तीन काढला. तीनचं पोट, तीनची कंबर, आणि खालचं शेपूट. सवयीने मनगट झटकलं. शेपूट छान उडालं. मी खडू ठेवला, छ उचलून ओळीत परत ठेवायला गेले, आणि ती ठेवताना तिची मागची बाजू माझ्याकडे आली.

मागच्या दिव्याच्या जरा अलीकडे ती खड्ड्याखड्ड्यांची रेघ एकाएकी सरळ झाली होती. नखाएवढ्या जागेत. तिथे हात थरथरला नव्हता. आणि टोकाला ती उडाली होती, बारीक शेपूट काढून. मी फळ्याकडे बघितलं. तिथे माझ्या तीनचं शेपूट होतं. तेच.

मी अप्पांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. ते चष्मा शर्टाला पुसत होते. मला वाटलं, त्यांना कोणाकडे बघायचं नाही म्हणून पुसतायत.

आपण काय बोललो ते माझ्या कानात शब्द न शब्द परत वाजलं. जगात कोणीही हसावं आणि मी हसू नये अशी एकच रेघ, आणि मी हसले होते. नुसती हसले नव्हते, बाकीच्यांना हसवलं होतं. कान असे तापले की डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, पंखा लावू का?"

"चला, पट्ट्या काढा," बूटवाले काका म्हणाले.

क सोलली. कंपनीचं नाव वाचलं. काकांनीच हात वर केला आणि टाळ्या पडल्या. ख डॉक्टरांची निघाली, त्यांना सगळ्यांनी भरपूर छेडलं. मी सोलत होते, वाचत होते, आणि माझं सगळं लक्ष टेबलाच्या टोकाला होतं. आता ती वेळ येणार. आता नाव वाचलं जाणार. माझे म्हातारे वडील इस्त्रीच्या शर्टात या सगळ्यांसमोर हात वर करणार, आणि सगळे आधी गप्प होणार, मग सांभाळून घेणार. वा अप्पा, या वयात, कमाल आहे. ते सांभाळून घेणं मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते मला बघवणार नव्हतं.

छची पट्टी मी सावकाश सोलली. खाली कंपनीचं नाव नव्हतं. तिथे काळा रंग देऊन त्यावर पिवळ्याने एकच शब्द लिहिला होता. अक्षरं वेडीवाकडी, एक मोठं एक लहान, 'ले'च्या दांडीने शेजारच्या स्क्रूवर चढाई केलेली. रेघवाले.

मी त्यावर अंगठा ठेवला.

"ही माझी," मी म्हटलं.

मी मान वर केली तेव्हा अप्पांचा हात कानाच्या उंचीपर्यंत आलेला होता. त्यांनी तो तसाच कानावर नेला आणि कान खाजवल्यासारखं केलं.

"तुझी?" नवरा म्हणाला.

"अप्पांनी टाकलेली उचलली. दुपारची रंगवायचे. तू कामावर असताना."

"म्हणून अप्पांनी सोडल्यावरही वास येत होता," तो पुटपुटला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याचीही दया आली. "अगं, सांगायचंस तरी. मी काय काय बोललो."

"सांगितलं असतं तर ओळख ठेवली असतीस," मी म्हटलं. कोणाचं वाक्य मी वापरलं ते तोंडातून निघून गेल्यावर कळलं.

मग सगळ्यांनी सांभाळून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वहिनी, पहिल्या गाडीला तीन म्हणजे झकास, माझ्या पहिल्या गाडीकडे तर भिंगाने बघितलंच नव्हतं. काकांनी चहा मागवला आणि मला पहिला कप दिला. आणि स्वतःला कसं हसवून घेतलं बघा, पहिलीतल्या पोरांचं उदाहरण स्वतःच देते, याला मोठं मन लागतं, असंही कोणीतरी म्हणालं. मी चहा प्यायले. इतकी खोटी स्तुती आणि तीही चोरलेली, घशाखाली कशी उतरली कोण जाणे.

आता फक्त एकच भीती होती. नवरा घरी जाऊन गाडी उलटी करणार. तो करणारच, देवाने सांगितलं तरी थांबणार नाही. सगळे जिना उतरू लागले तशी मी म्हटलं, फळा पुसून येते. फळ्याचं ओलं फडकं हातात होतंच. मी छ उलटी केली आणि त्या शब्दावरून फडकं फिरवलं. पट्टीखाली रंग अजून पुरता वाळला नव्हता. त्यांना वाळेपर्यंत दम निघाला नसणार. वाले निघून गेलं, रेघ राहिली. ती मी नखाने खरवडली.

रस्त्यात नवरा माझ्या बाजूने चालत होता, अप्पा जरा पुढे. तो एवढा मऊ माझ्याशी बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता. म्हणाला, "मधल्या फळीवर ठेवू आपण ती."

"तीनची गाडी?"

"राहू दे. बायकोची आहे."

अप्पांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांची चाल नेहमीसारखीच होती, एक हात मागे धरलेला.

घरी आल्यावर त्याने खरंच मधल्या फळीवर जागा केली. दोन देखण्या गाड्या सरकवल्या, मधे ती लाल ठेवली, दिवा लावला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझं नाव लिहिलं, खाली तीन लिहिले, आणि तो तुकडा गाडीपुढे उभा केला. ठेवण्याआधी गाडी उलटी करून बघितलीच. "बूड का खरवडलंस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, रंग सांडला होता. मग तो हातपाय धुवायला गेला.

मी स्वयंपाकघरात गेले तर अप्पा हिरव्या स्टुलावर बसले होते. मी भांड्यांचा आवाज सुरू केला.

"हात बघू तुझा," ते म्हणाले.

मी हात पुढे केला नाही. त्यांनीच ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला, गाडी नेली होती तसा. अंगठ्याच्या नखात पिवळा रंग होता.

"तुझी आई माझ्या नखांवर किती वैतागायची," ते म्हणाले. मग नख चोळून, "पुसलंस?"

"तो उलटी करून बघणार होता, अप्पा."

"बघायलाच लिहिलं होतं."

मी नळ बंद केला. "सगळे हसत होते. मला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल."

"मी हात वर करत होतो."

"हो."

"हसले तर हसले. मीपण हसलो. खड्ड्यांसकट काढलीय म्हणाला ना, बरोबर म्हणाला. डोळ्यांना दिसत नसलं तरी हाताला कळतं रेघ कुठे गेली ते. तीन दिले, तीनच होते." ते माझ्या नखाकडेच बघत होते. "तू पोरांचं बोललीस त्याचंही काही नाही. तुला कुठे माहीत होतं. पण नाव वाचलंस, तेव्हा तर माहीत होतं."

रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. ज्या माणसाने माझ्या हाताला अक्षर दिलं त्याचं नाव मी चारचौघांत अंगठ्याखाली झाकलं, आणि वर स्वतःला सांगितलं की मी त्यांना वाचवतेय. लाज त्यांना वाटत नव्हती. मला त्यांची वाटत होती. हे इतकं साधं होतं की त्यांना ते अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनीही खिडकीपासून दिसलं होतं.

"मी आत्ता जाऊन सांगते त्याला," मी म्हटलं. "तुम्ही परत नाव लिहा. रंग आहे ना अजून?"

"आता नको."

"का?"

"आता सांगितलंस तर तो मार्क वाढवेल." त्यांनी माझा हात सोडला. "ओळख न ठेवता मिळालेले तेवढेच होते. शेवटचेच म्हण. तीन तर तीन, ते माझे होते."

बाहेरून नवऱ्याने हाक मारली. "अगं, इकडे ये. अप्पा, तुम्हीपण या."

तो कपाटासमोर गुडघ्यांवर बसला होता, गाडी हातात, डोळ्याला भिंग. मंडळात त्याने पुढचा अर्धा भाग बघूनच ती सोडून दिली होती. आता बायकोची म्हणून पहिल्यांदा पूर्ण बघत होता.

"मी मूर्ख आहे," तो म्हणाला. "मागे बघितलंच नव्हतं. हे बघा अप्पा, दिव्याच्या अलीकडे. तुम्हाला दिसणार नाही कदाचित, पण इथे रेघ बघा कशी सरळ झालीय, आणि टोकाला काय उडवलीय. छापील पट्ट्यात हे येणारच नाही. इतक्या गाड्या बघितल्या, अशी रेघ कुठल्या गाडीवर नाही. शेवटी तुमची लेक आहे."

"हो," अप्पा म्हणाले. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

नवऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, तीनवर काट मारली आणि बाजूला पाच लिहिले. माझं नाव तसंच राहिलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, कधी नव्हे ते खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"कसं केलंस हे?"

मी अप्पांकडे बघितलं. ते कपाटातल्या दिव्याकडे बघत होते, आणि त्यांनी मान जराशी हलवली, नको म्हणून.

"मनगटाने," मी म्हटलं. "रेघ संपवायची नसते. उडवायची असते."